एका वेळी एकच डबा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेला फोटो पाहिला. टेबलावर सहा डबे ओळीने मांडले आहेत: व्हे प्रोटीन, वजन वाढवायचे मास गेनर, स्नायूंना जोर देणारे क्रिएटिन, तीन अमिनो आम्लांचे बीसीएए, व्यायामापूर्वी तरतरीसाठी घ्यायचे प्री-वर्कआउट आणि कसलासा टेस्टोस्टेरॉन बूस्टर. यांतले कशासोबत काय घ्यावे आणि कोणत्या वेळी घ्यावे, असे तू विचारले आहेस. त्याच्याच खाली, जणू ती वेगळीच गोष्ट असावी अशी, तुझी तक्रार आहे. तीन आठवड्यांत वजन दोन किलोने वाढले, पण पोट डब्ब राहते, व्यायाम सुरू करताना चेहऱ्यावर मुंग्या येतात आणि रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. यातले काय कशामुळे झाले, हे मी सांगावे अशी तुझी अपेक्षा आहे. अरे, सहाही डबे तू एकाच सोमवारी उघडलेस. आता हे तुला कसे कळणार, आणि मला तरी कसे सांगता येणार?

काही गोष्टींचा अंदाज करता येतो, तो आधी सांगतो. मुंग्या बहुधा प्री-वर्कआउटमधल्या बीटा-अ‍ॅलानिनमुळे येतात. त्या निरुपद्रवी असतात, पण मुंग्या आल्या म्हणजे औषध लागू पडले, असा समज करून घेऊ नकोस. बीटा-अ‍ॅलानिनचा उपयोग व्हायचा असेल तर तो रोज काही आठवडे घेतल्यावर होतो, आणि तोही साधारण एक ते चार मिनिटे चालणाऱ्या जोराच्या कामात. तुझ्या आठ-दहा रिपिटिशनच्या सेटला त्याचा फारसा लाभ नाही. झोप उडाली ती कॅफिनने. अशा चूर्णांच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असणे ही नेहमीची बाब आहे, आणि अंगात गेलेले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. तू संध्याकाळी सातला घेतोस, म्हणजे मध्यरात्रीही त्यातले निम्मे तुझ्या अंगात जागे असते. पण पोटाचे काय? व्हे कॉन्सन्ट्रेटमधल्या लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने बिघडले, की गेनरमधल्या माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या पिष्टाच्या ढिगाने, की बूस्टरमधल्या कुठल्या अर्काने? आणि वाढलेले दोन किलो म्हणजे स्नायू, की क्रिएटिनने स्नायूंत ओढलेले पाणी, की गेनरची चरबी? याचे उत्तर जगातला कोणताही तज्ज्ञ आज देऊ शकणार नाही, कारण ते उत्तर मिळण्याची वाट तू स्वतःच बुजवून टाकली आहेस.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे, आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: एका वेळी एकच डबा. तुझे वडील शिरोलीच्या कारखान्यात इतकी वर्षे लेथ चालवतात. जॉबचे माप चुकू लागले की ते टूल, फीड आणि स्पीड तिन्ही एकदम बदलतात का, हे त्यांना आज रात्री जेवताना विचार.

डब्यांच्या आधी ताट पाहू. स्नायू वाढवण्यासाठी नियमित वजने उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. तू ६० किलोचा आहेस, म्हणजे ९६ ग्रॅम. आता घरचा हिशेब मांड. दिवसभराच्या भाकरी-चपात्यांतून १४ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट आमटीतून १२, अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून १८, चार अंड्यांतून २४ आणि मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. हे ८० झाले. उरली १६ ग्रॅमची तूट. ज्या दिवशी घरी मटण असेल त्या दिवशी तीही उरत नाही, आणि इतर दिवशी ३० ग्रॅम सोया वडी आमटीत टाकली तरी जवळजवळ भरून निघते. हे तुझ्या स्वयंपाकघरातले आकडे आहेत. यांसाठी माझ्याकडे येण्याची गरज नव्हती. पण चार अंडी आणि शेंगदाणे तू रोज खातोस का? खरे उत्तर मला माहीत आहे. सकाळी कॉलेजच्या गडबडीत चहा-खारी खाऊन निघायचे आणि संध्याकाळी हजारोंच्या चूर्णाने ती भरपाई करायची, हा तुझा नेम आहे.

तरीही व्हे घेण्याला माझा विरोध नाही. चीज तयार करताना वेगळ्या होणाऱ्या निवळीतून ते काढतात, म्हणजे ते दुधाचेच प्रथिन आहे, आणि सोय म्हणून ते उत्तम आहे. मात्र डबा उलटा करून मागचा तक्ता वाचायला शीक. एका स्कूपचे वजन ३३ ग्रॅम आणि त्यात प्रथिने २४ ग्रॅम असतील, तर माल सुमारे ७३ टक्के प्रथिनांचा आहे. हाच भागाकार गेनरवर कर. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने १५-२० आणि बाकी बहुतेक पिष्ट निघेल. तेवढ्या पैशांत घरात किती तांदूळ, गूळ आणि केळी येतात, याचा विचार तुझ्या आईला करू दे. छापील आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नकोस. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-चूर्णांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, आणि काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती. प्रथिने मोजताना बहुधा नायट्रोजन मोजतात, त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ती दिसली, किंवा 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून घटकांची प्रमाणे लपवली असली, की तो डबा दुकानातच ठेवावा. डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक (एफएसएसएआयचा) १४ अंकी आहे का, आणि माल परदेशी असेल तर आयातदाराचे लेबल आहे का, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

बीसीएए तुझ्या व्हेमध्ये आधीच आहे. नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी ती केवळ तीन, आणि उरलेल्या सहांशिवाय स्नायू बांधला जात नाही. तो डबा परत घेत असतील तर परत कर. बूस्टर मात्र फेकून दे. तुझ्या वयात टेस्टोस्टेरॉन वाढवायला झोप पुरते, आणि ती तर तू प्री-वर्कआउटला विकून टाकली आहेस. त्या बाटलीत नेमके काय आहे, हे कळायला मार्ग नाही. उद्या तू कुस्तीच्या मॅटवर उतरलास आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचणीत काही सापडले, तर 'मला माहीत नव्हते' म्हणून सुटका होत नाही.

क्रिएटिन हा या सगळ्यांत एकटा खरोखर कामाचा डबा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यायचे, रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, कशातही कालवून. एचसीएल वगैरे महागडे अवतार त्याहून सरस असल्याचे दिसलेले नाही. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घेण्याची पद्धत आहे, त्याने साठा लवकर भरतो. पण रोजच्या लहान मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत तो तितकाच भरतो आणि पोटाला त्रास होत नाही. घाई असेल त्याने घाई करावी, तुला कसली घाई आहे? वजन एक-दोन किलोने वाढेल ते बरेचसे पाण्याचे असेल, हे आधीच ठाऊक असू दे. तुम्ही घरचे शाकाहार पाळणारे असता, तर फरक कदाचित अधिक जाणवला असता, कारण अन्नातले क्रिएटिन जवळजवळ सगळे मांस-मासळीतून येते.

आता माझ्यावरच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो तुझ्याही कानावर गेला असणार. मी जुन्या वळणाचा आहे, थंडाईच्या पलीकडे मला काही कळत नाही, असे माझ्या जिममध्ये पूर्वी येणारी आणि आता समोरच्या काचेच्या जिममध्ये जाणारी मुले म्हणतात. मी काउंटरवर डबे विकत नाही हे खरे आहे. एका घाऊक विक्रेत्याने दर डब्यामागे चांगले कमिशन देऊ केले होते, आणि त्यातून नवी केबल मशीन सहज आली असती. ती आली नाही याची चुटपुट आजही लागते. पण जो माणूस डबा विकतो तो 'हा थांबव, चार आठवडे पाहू' असे कधीही म्हणू शकत नाही. तेवढे एक वाक्य बोलण्याची मोकळीक मला हवी होती, म्हणून मशीन नाही. हा हट्ट असेल तर असो.

तालमीत थंडाईची जादू होती, असेही मी कधी म्हटलेले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले त्या काळापासून कोल्हापूर दूध-तूप-बदामावर पोसले गेले, पण त्या खुराकामागे पहाटेपासूनची मेहनत असायची. दिवसभर वर्गात बसून तासभर वजने उचलणाऱ्याने तेवढे तूप ओतले तर पोटच सुटेल. आमच्या वस्तादांची एक गोष्ट मात्र पक्की होती. बदाम वाढवायचे तर ते आठवडाभर दूध तेवढेच ठेवायचे, आणि रोज सकाळी जिभेवर पांढरा थर आहे का, पोट साफ झाले का, एवढेच विचारायचे. ते सारे त्यांच्या डोक्यात राहिले, कोणी लिहून ठेवले नाही. घरच्या दोन म्हशींपैकी एकीचे दूध वडील डेअरीला न घालता माझ्यासाठी राखत. त्या दुधाचे किती बळ झाले आणि किती वाया गेले, हे मला आज सांगता येत नाही, आणि ते आता विचारायला वस्तादही नाहीत आणि वडीलही नाहीत. सगळे वहीत लिहून ठेव म्हणून मी मुलांच्या इतका मागे लागतो त्याचे कारण हे आहे.

तेव्हा असे कर. उद्यापासून सगळे बंद, दोन आठवडे फक्त ताट. शंभर पानी वही घे. सकाळी उठल्यावरचे वजन, झोपेचे तास, पोट कसे होते, आणि स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंगला किती वजनावर किती रिपिटिशन झाल्या, एवढेच रोज लिही. पोट ठिकाणावर आले की व्हेचा एक स्कूप सुरू कर. उकळत्या दुधात घालू नकोस, त्याने प्रथिने नष्ट होत नाहीत पण गोळे होतात. दोन आठवड्यांत पोट पुन्हा डब्ब झाले, तर कॉन्सन्ट्रेट सोडून आयसोलेट आणायचे, कारण त्यात लॅक्टोज फार थोडे असते. झाले नाही, तर गुन्हेगार व्हे नव्हता हे निकाली निघाले. मग क्रिएटिन, आणि त्याला निदान चार आठवडे. मध्ये दुसरे काही नाही, मित्राने दिले तरी नाही, फुकट मिळाले तरी नाही. प्री-वर्कआउट हवेच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि तेही एक कप काळी कॉफी म्हणून, सकाळच्या व्यायामापूर्वी.

एवढ्यावर तू म्हणशील की यात तीन महिने जातील. जाऊ देत. तू विशीत आहेस, मे महिन्यातल्या मावसभावाच्या लग्नात शर्ट तटतटला पाहिजे, हे स्नायूंना कळत नाही.

आणखी एक. क्रिएटिन सुरू असताना रक्त तपासलेस तर अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे क्रिएटिनपासून बनणारा आणि मूत्रपिंडाचे काम जोखायला मोजतात तो पदार्थ, थोडे वाढलेले दिसू शकते. निरोगी माणसात या मात्रेने मूत्रपिंडाला इजा होत असल्याचे आढळलेले नाही, पण आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर घरात विनाकारण घबराट होते. तुझ्या आजोबांना मूत्रपिंडाचा विकार होता असे तू मागे बोलला होतास. म्हणून तो डबा उघडण्यापूर्वीच एकदा क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घे, आणि ते दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिही.

घरी सर्वांस नमस्कार. कळावे.

तुझा,
सर