“मॅडम, मला कोलेस्ट्रॉल शून्य करायचंय”

लॅबचा रिपोर्ट घेऊन समुपदेशकाकडे येणारी माणसं आता नवलाची राहिलेली नाहीत. कोलेस्ट्रॉलच्या आकड्यापुढे खूण असते आणि तिच्यापायी झोप, जेवण, घरातली शांतता, सगळंच गेलेलं असतं. सोलापुरात ही धास्ती इतक्यांदा ऐकली, की एकदा लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाटी गल्लीत कापडाचं दुकान असलेले एक काका. थोरला भाऊ हार्ट अटॅकने गेला, म्हणून यांनी तपासणी केली. एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्ट्रॉल, १४८. डॉक्टरांनी आहार, चालणं सांगून तीन महिन्यांनी बोलावलं. काकांनी मात्र तेल, तूप, दूध, अंडी, इतकंच काय शेंगाचटणीसुद्धा सोडली. जेवावं लागेल म्हणून लग्नकार्यं टाळू लागले. अधूनमधून गुपचूप रक्त तपासून यायचे. शेवटी काकूच त्यांना घेऊन आल्या.

“मॅडम, मला हे शून्य करायचंय.”

मी समजूत घातली नाही. विचारलं, “शरीरात ते असतं तरी कशाला?”

“तेलातनं येतंय की.”

मग एक काम दिलं. कोलेस्ट्रॉलचं शरीरात काम काय, एवढंच डॉक्टरांना विचारायचं आणि स्वतःच्या हाताने लिहून आणायचं. मीही सांगू शकले असते. पण आपण लिहिलेलं मनात जास्त मुरतं, यावर माझा विश्वास आहे.

पुढच्या वेळी त्यांनी खिशातून बिलबुकाचं पान काढलं. पाठकोऱ्या बाजूला लिहिलं होतं: पेशीचं आवरण, पित्त, ड जीवनसत्त्व, हार्मोन, मेंदू. ‘मेंदू’खाली दोन रेघा. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “म्हणजे ज्याला संपवायला निघालोय, ते माझ्या डोक्यातच भरलंय?”

तिथून गाडी रुळावर आली. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातलं जवळपास २० टक्के कोलेस्ट्रॉल त्यात असतं आणि ते मेंदू स्वतःच बनवतो. उन्हात त्वचा ड जीवनसत्त्व बनवते ते कोलेस्ट्रॉलच्याच एका सख्ख्या नातलगापासून. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन यांचा कच्चा माल हाच. आईच्या दुधातही ते असतं. शेंगदाण्यात मात्र जवळजवळ नसतंच, त्यामुळे चटणीवरचा राग अगदीच बिनबुडाचा! शरीरातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल यकृत आणि इतर पेशीच तयार करतात. खाण्यातून कमी आलं तर शरीर बरंचसं भरून काढतं.

माझ्या मते काकांना १४८ हा आकडा छळत नव्हता. “हे माझ्यात असताच कामा नये” हा हट्ट छळत होता. जे शरीर रोज बनवतं ते संपवायची लढाई रोज हरावीच लागते आणि हरणारा माणूस आणखी उपाशी राहतो. हट्ट सुटला तशी त्यांची झोप परतली. या कामाचं मला मनापासून समाधान आहे.

पण मग लंबक दुसरीकडे गेला. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणारी, गोळी सुरू केली, तेव्हा काका म्हणाले, “शरीराला लागतंय म्हणता, मग गोळी कशाला?” हा प्रश्नही मला नेहमी ऐकू येतो. रक्तात एलडीएल जास्त राहिलं की ते धमनीच्या भिंतीत साचतं, हे तितकंच खरं. गोळीने यकृतातली निर्मिती मंदावते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. पेशी ते कसं ओढतात हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. योग्य देखरेखीखाली घेतलेल्या गोळीने शरीर कोलेस्ट्रॉलवाचून अडत नाही. म्हणून लेख वाचून गोळी बंद करू नका. शंका डॉक्टरांनाच विचारा. घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा. आणि रिपोर्टच्या भीतीने जेवण तुटत असेल, माणसं टाळली जात असतील, तर समुपदेशकाकडे यायला पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका.