मेलिएसच्या 'अ ट्रिप टू द मून' या सिनेमात यान चंद्रावर दोनदा का उतरतं? एडिटिंगची चूक आहे का?

चूक नाही, ते मुद्दाम तसंच केलंय: एकच घटना आधी लांबून आणि मग जवळून दाखवली आहे. 1902 साली 'कट झाला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा आला, की वेळ पुढे सरकते' हा नियम अजून पक्का झालेला नव्हता. जॉर्ज मेलिएस मूळचा रंगमंचावरचा जादूगार, पॅरिसमधल्या रोबेर-उदँ थिएटरचा मालक. त्याच्यासाठी प्रत्येक शॉट म्हणजे नाटकातल्यासारखा एक स्वतंत्र, पूर्ण प्रवेश. म्हणून पहिल्या प्रवेशात तोफेतून सुटलेलं यान चंद्राच्या डोळ्यात घुसतं, चंद्र तोंड वेडंवाकडं करतो. पुढच्या प्रवेशात तेच यान चंद्राच्या खडकाळ जमिनीवर येऊन आदळतं आणि आतले खगोलशास्त्रज्ञ छत्र्या घेऊन बाहेर पडतात. पहिला प्रवेश विनोदासाठी, दुसरा कथा पुढे नेण्यासाठी! शिवाय असे सिनेमे दाखवताना बऱ्याचदा निवेदक शेजारी उभा राहून कथा सांगायचा, त्यामुळे प्रेक्षकांचा फारसा गोंधळ होत नसे. हे एकट्या मेलिएसचं खूळही नव्हतं. अमेरिकन दिग्दर्शक एडविन पोर्टरच्या 1903च्या 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन'मध्ये आगीतून केलेली सुटका आधी घराच्या आतून आणि मग पुन्हा पहिल्यापासून बाहेरून दिसते.

मात्र मेलिएसला सलग कथा जमत नव्हती असं समजू नका. परतीचा प्रवास बघा: यान कड्यावरून सुटतं, अवकाशातून खाली येतं, समुद्रात पडतं, तळाशी जातं. चार छोटे शॉट, आणि एकही क्षण दोनदा येत नाही.