चिलटं जन्मतात कुठं?

प्रश्न : आमची माडग्याळ मेंढरं आहेत. दसऱ्याच्या सुमारास दिवस मावळला की मोहरीएवढी काळपट चिलटं वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, शिरतात. मेंढरं पाय आपटतात, एकमेकांत डोकी खुपसतात. औषध फवारलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. डबक्यात पाहिलं तर डासांच्या अळ्या दिसल्या, चिलटांचं काही नाही. ही जन्मतात कुठं? निळ्या जिभेचा रोग यांच्यामुळंच येतो का?
— एक मेंढपाळ, जत तालुका

उत्तर : तुम्ही पाण्यात शोधलंत. एक वीतभर अलीकडं, काठाच्या चिखलात बघायला हवं होतं. तुमच्या वर्णनावरून ही क्युलिकॉइड्स, म्हणजे रक्त पिणारी बारीक चिलटंच, दिसतात. जिथं जनावरं उभी राहतात, खुरांनी चिखल तुडवतात आणि त्यात लेंड्या, मूत मिसळतं, तिथं मादी अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, गडद, जरा वाकडं. नुसत्या डोळ्यांनी सापडायचं नाही. उन्हाळी हवेत दोन-तीन दिवसांत त्यातून अळी निघते.

अळी मात्र दाखवता येते. नोकरीत असताना मी मेंढपाळांना हेच करून दाखवायचे. काठाचा ओंजळभर चिखल घ्या, पांढऱ्या थाळीत मिठाच्या दाट पाण्यात कालवा आणि थांबा. पांढरट, दोऱ्यासारख्या, बिनपायाच्या अळ्या तरंगून वर येतात, डोकं तपकिरी. जिवंत असेल तर अंग झटकत नागमोडी पळते, त्यावरून लगेच ओळखू येते. चार वेळा वाढून ती कोष होते. कोषाचे दिवस दोन-तीनच. काही जातींचे कोष पाण्यावर तरंगतात, पण इमिकोला या जातीचे बुडून मरतात. म्हणून तिला ओल हवी, तुडुंब पाणी नको.

आता फवारणीचं. तुम्ही मारता ती उडणारी चिलटं. चिखलातली पुढची फळी शाबूत राहते. अंड्यापासून चिलटापर्यंत आपल्याकडच्या हवेत दोन ते चार आठवडे पुरतात. तेव्हा गळका हौद दुरुस्त करा, खुरांचे खळगे मुरुमानं भरा, लेंड्या पातळ पसरून कडक वाळवा. वाघर काठापासून दूर, उंच आणि वाऱ्याच्या जागी लावा. वारा असला की ही चिलटं उडत नाहीत. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून मात्र सहज आत येतात, तिच्यावर पैसे घालू नका.

रक्त पिते ती मादीच. आजारी मेंढीचं रक्त प्यायल्यावर विषाणू तिच्या अंगात वाढायला साधारण दहा दिवस लागतात. पुढं जगली तर दुसरीला चावून तो देते. निळ्या जिभेचा रोग असाच पसरतो. भारतात त्याची पहिली नोंद 1964 साली आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. गाय-बैलांत तो बहुधा लक्षणांशिवाय राहतो, त्यामुळं शेजारचा गोठा धडधाकट दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. माणसाला हा रोग होत नाही. लस आहे, पण ती पावसाळ्याआधी टोचायची. त्यासाठी मे महिन्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.