‘माझ्यात ती चरबीच नाही का, मॅडम?’

वजनासाठी समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हल्ली तपकिरी चरबीचं नाव वारंवार येतं. उष्णता तयार करणारी ही चरबी थंडीने जागी होते आणि बाकीची चरबी जाळून टाकते, एवढंच बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका बाईंचा अनुभव इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या आसपासच्या, नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करणाऱ्या. त्यांना घेऊन आल्या त्या त्यांच्या जाऊबाई. “मॅडम, ही पहाटे पाचला रात्रभर गच्चीवर ठेवलेल्या पाण्याने आंघोळ करते. झोपताना पंखा, अंगावर पांघरूण नाही. परवा न्हाणीघरात चक्कर येऊन खाली बसली.” निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला लोक शेकोट्या पेटवत होते, तेव्हाची ही गोष्ट. बाईंच्या अंगात साधा स्वेटरही नव्हता.

महिनाभर हे चाललं होतं आणि काटा हलला नव्हता. मग त्यांनी कुठेतरी वाचलं, की भारतीयांत ही चरबी कमीच असते. “म्हणजे माझ्यात ती चरबीच नाही का, मॅडम? मग माझं काही होणारच नाही?” हे विचारताना त्यांचा आवाज कापला.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण विज्ञान खरं आहे आणि ते अर्धवट सांगणं मला पटत नाही. साधी पांढरी चरबी ऊर्जा साठवते. तपकिरी चरबीच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणारे पेशीतले सूक्ष्म भाग, ठासून भरलेले असतात. त्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. तिच्यात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. पाटाचं पाणी वाफ्यात पोचायच्या आधीच पाझरून जावं, तशी त्याच्यामुळे अन्नातली ऊर्जा पेशीच्या कामी न येता थेट उष्णता होऊन जाते. नवजात बाळाला थंडीत तगवते ती हीच चरबी. मोठ्या माणसांतही मानेपाशी, गळ्याच्या हाडाच्या वर आणि कण्याच्या बाजूने ती कार्यरत असते, हे 2009 साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांनी पक्कं केलं.

भारतीयांबद्दल त्यांनी वाचलं होतं तेही खोटं नव्हतं. नेदरलँड्समध्ये 2014 साली दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत गोऱ्या तरुणांपेक्षा ही चरबी कमी आढळली. पण दोन्ही गटांत मिळून माणसं होती 24. आणि कमी असणं म्हणजे नसणं नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 52 हजारांहून अधिक रुग्णांचे पेट स्कॅन (शरीराचा कोणता भाग जास्त साखर वापरतोय ते दाखवणाऱ्या प्रतिमा) तपासले, तेव्हा ती जेमतेम दहा टक्क्यांत दिसली. ज्यांच्यात दिसली त्यांच्यात मधुमेह कमी होता, हे महत्त्वाचंच. पण ते स्कॅन थंडी देऊन काढलेले नव्हते. झोपलेली चरबी त्यांत दिसत नाही.

आता थंडीचं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात पाच निरोगी पुरुष महिनाभर रात्री 19 अंशांच्या खोलीत झोपले. त्यांची तपकिरी चरबी 42 टक्क्यांनी वाढली, पण शरीरातल्या एकूण चरबीत फरक पडला नाही. पुढे खोली उबदार केल्यावर वाढलेली चरबीही ओसरली. मी बाईंना म्हटलं, “19 अंश म्हणजे आपल्या नाशिकची दिवाळीनंतरची रात्र. कुडकुडायला कोणी सांगितलंच नव्हतं.” तपकिरी चरबी असते ग्रॅममध्ये, वजन असतं किलोत. शिवाय थंडीने भूकही वाढते.

मग त्यांनी मोबाइलमधली एका कॅप्सूलची जाहिरात दाखवली: ‘शरीराची भट्टी पेटवा’. इथे मी आवाज चढवला. 1930च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन घटवायला सर्रास दिलं गेलं. तेही ऊर्जेची उष्णता करतं, पण सगळ्या शरीरात आणि आवर न घालता. माणसं अंगातल्या तापाने मेली, कित्येकांना मोतीबिंदू झाले. 1938 साली ते माणसाला घातक ठरवलं गेलं, तरी आजही ते चोरून विकलं जातं. मूत्राशयाच्या तक्रारीवरचं मिराबेग्रॉन मोठ्या मात्रेत तपकिरी चरबी चेतवतं खरं, पण सोबत नाडी आणि रक्तदाबही वाढवतं. या चरबीवर बेतलेलं लठ्ठपणाचं मान्य औषध आज नाही. संशोधन चालू आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आशा आहे. पण वाट पाहायची ती संशोधकांची, जाहिरातवाल्यांची नाही.

जाऊबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि स्वेटर का नाही, ते विचारलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “अंगावर एवढी चरबी असताना थंडी वाजते म्हणायची लाज वाटते. ऑफिसात एकजण म्हणाला होता, तुम्हाला कसली थंडी?”

खरी गाठ इथे होती. थंड पाणी हा त्यांच्यासाठी उपाय नव्हताच, ती शिक्षा होती. सकाळी न खाणं, डबा अर्धा ठेवणं आणि रात्री सगळ्यांचं उरलेलं उभ्याने संपवून पुन्हा स्वतःला बोल लावणं, हेही त्यातलंच. जाड माणसालाही थंडी वाजते. चरबी आतली ऊब धरून ठेवते, पण कातडी आणि हातपाय गारच पडतात. हे सांगितल्यावर त्या रडल्या.

त्या दिवशी आहाराचा तक्ता दिला नाही. तीनच गोष्टी ठरवल्या: कोमट पाण्याने आंघोळ, पांघरूण घेऊन पुरेशी झोप आणि फिजिशियनकडे तपासणी. तपासणीत रक्तदाब थोडा जास्त निघाला, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. चक्कर येऊनही गार पाणी तसंच चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, याची मला आजही धास्ती वाटते, कारण अचानक अंगावर पडलेलं गार पाणी रक्तदाब झपकन वर नेतं. पुढच्या भेटींत सकाळची भाकरी-उसळ, पूर्ण डबा आणि संध्याकाळी गंगापूर रोडला जाऊबाईंसोबत चालणं आलं. भुकेवर काम करणारी नवी इंजेक्शनं घ्यायची का, हा निर्णय त्यांनी फिजिशियनवर सोडला आहे.

वजन हळूहळू उतरतंय. मध्ये एकदा वाढलंही होतं, तेव्हा त्या स्वतःहून भेटायला आल्या. मागच्या भेटीत त्यांनी विचारलं, “पेट स्कॅन करून माझी तपकिरी चरबी मोजून घेऊ का?” नको म्हटलं: खर्च मोठा, किरणोत्सर्ग अंगावर घ्यायचा, आणि आकडा काहीही आला तरी त्यांच्या उपचारात एक घासाचाही बदल होणार नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी पुन्हा करायची, असं ठरलं आहे.