मांजराचं तोंड आलंय, रक्त येतंय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाच महिन्यांचं पिल्लू चार दिवस शिंकतंय. काल जिभेवर लाल चट्टे दिसले, लाळेतून रक्तही येतं. वाटीपाशी जातं, हुंगतं आणि मागे सरतं. घरात बोरोग्लिसरीन होतं, ते लावलं. चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : बोरोग्लिसरीन आजच बंद करा. माणूस थुंकून टाकतो, मांजर लावलेलं सगळं गिळतं आणि ते बोरॅक्स पोटात जातं. तोंड बधिर करणारी माणसांची जेलही नकोत. आणि पॅरासिटामॉलचा तर तुकडासुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

शिंका आणि जिभेवरचे व्रण एकत्र आले की पहिला संशय कॅलिसी विषाणूचा. अँटिबायोटिक त्या विषाणूवर चालत नाही, ते जखमेत नंतर शिरणाऱ्या जंतूंसाठी असतं. खरा उपचार म्हणजे दुखणं थांबवणं आणि पोटात अन्न जाणं. तुमच्या पिल्लाला भूक आहे, म्हणून तर ते वाटीपाशी येतं. तोंडाची आग होते म्हणून मागे सरतं. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर वेदनाशामकाबद्दल स्वतःहून विचारा. दुखणं कमी झालं की पुष्कळ पिल्लं आपणहून खायला लागतात. चिकन किंवा मासा बिनमिठाचा उकडून, काटे-हाडं काढून, मिक्सरमधून पातळ करा आणि कोमट द्या. कांदा-लसूण अजिबात नको. कोमट अशासाठी की चोंदलेल्या नाकालाही थोडा वास लागतो, आणि वास आल्याशिवाय मांजर तोंड लावत नाही.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली असेल तर तिच्यामागोमाग सिरिंजने चार-पाच मिली पाणी हळूहळू पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे नवी जखम करते. पिल्लू दिवसभर काहीच खात नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. घरातल्या इतर मांजरांपासून त्याला वेगळं ठेवा. बरं झाल्यावरही कित्येक आठवडे त्याच्यापासून लागण होऊ शकते. माणसांना हा आजार होत नाही.

प्रश्न : सहा वर्षांचा बोका. दीड वर्षापासून हिरड्या लालभडक, हात लागला की रक्त येतं, जांभई देताना ओरडतो. स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं की काही दिवस बरा असतो. आता एक डॉक्टर दात काढून टाका म्हणतात. इतकं क्रूर कसं व्हायचं? (कोल्हापूर)

उत्तर : त्या डॉक्टरांचं ऐका, असंच मी सांगेन. जांभईलासुद्धा ओरडावं लागणाऱ्या तोंडाने आणखी वर्षं काढायला लावणं, हे मला जास्त क्रूर वाटतं.

या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात शरीर दातांवरच्या जिवाणूंच्या थरावर अतिरेकी चवताळतं आणि सूज हिरड्यांवरून पार घशाच्या कडेपर्यंत जाते. दात काढले की तो थर साचायची जागाच जाते. मांजराला 30 दात असतात. बहुधा दाढा आणि उपदाढा काढतात, गरज पडली तर सुळे आणि पुढचेही. साधारण तीनातल्या दोन मांजरांना यानंतर ठळक आराम पडतो. त्यातली काही पूर्ण बरी होतात, काहींना पुढेही औषध लागतं. फरक दिसायला काही महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा.

दोन गोष्टींवर अडून बसा. शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या तपासण्या हव्यात, त्यात मांजरांच्या ल्युकेमिया आणि एफआयव्ही या प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूंचीही. आणि दातांचा एक्स-रे हवाच, कारण मुळाचा तुकडा आत राहिला तर सगळं दुखणं मागे राहतं. जवळ सोय नसेल तर मुंबई, शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा.

खाण्याची काळजी नको. मांजर फारसं चावत बसत नाही, तुकडे गिळतं. बिनदातांची मांजरं ओलं अन्न मजेत खातात. स्टेरॉईड मात्र वारंवार टोचत राहिलात तर मधुमेहाचा धोका वाढतो.

प्रश्न : मनी 13 वर्षांची आहे. तोंडाला उग्र वास, जिभेच्या कडेला व्रण, पाणी फार पिते, वजन उतरलंय. काय लावू? (पुणे)

उत्तर : काय लावायचं हे नंतर, आधी रक्त आणि लघवी तपासा. या वयात ही चारही लक्षणं मूत्रपिंडाकडे बोट दाखवतात. रक्तात साचलेलं युरिया तोंडाचा पापुद्रा खातं, आणि ते उतरेपर्यंत कोणताही व्रण भरत नाही. सलाइन, मळमळीचं औषध आणि योग्य आहार यांनी अशा मांजरांना चांगले दिवस मिळालेले मी पाहिले आहेत. जिभेखाली किंवा जबड्याच्या एकाच बाजूला गाठ असेल, तर तिचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. म्हाताऱ्या मांजरांत तिथे कर्करोग होतो आणि तो साध्या जखमेसारखाच दिसतो.

प्रश्न : फिनेलने फरशी पुसल्याने तोंड येतं का? (नाशिक)

उत्तर : हो, येऊ शकतं. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं. पुसल्यावर साध्या पाण्याचा हात फिरवा आणि वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. पंजे ओले झालेच तर चाटायच्या आत धुवा.

प्रश्न : सोसायटीतल्या एका मोकाट मांजरीच्या तोंडातून रक्ताळलेली लाळ गळते. उघडून पाहू का? (ठाणे)

उत्तर : नाही. बहुतेक वेळा हे तोंडाचंच दुखणं निघतं, पण लाळ गळणं रेबीजचंही लक्षण आहे. ती अचानक अंगावर येत असेल, अडखळत चालत असेल किंवा गिळता येत नसेल, तर लहान मुलांना लांब ठेवा आणि पालिकेला कळवा. चावली, ओरबाडलं किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. मांजर एरवीसारखीच वागत असेल, फक्त खाताना कळवळत असेल, तर प्राणिमित्र संस्थेकडून पिंजरा मागवा आणि पिंजऱ्यातूनच तिला दवाखान्यात न्या.