वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामला निघालेल्या नाशिककरांसाठी

व्हिएतनामच्या प्रवासाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. काय पाहावं यापेक्षा रोजच्या बारीकसारीक गोष्टींचेच प्रश्न जास्त आले, ते बरंच झालं. ‘हा लाँग’चा उपसागर कुठे आहे हे कुणीही सांगेल. भिजलेली जीन्स वाळवायची कशी हे कुणी सांगत नाही.

नाशिकचा मे महिना दरवर्षी सोसतो. तिथे तापमान 33-34च दिसतं. मग ‘उन्हाची काळजी घ्या’ असं सगळे का सांगतात? (सिडको)

कारण आकडा फसवा आहे. आपला उन्हाळा कोरडा. घाम आला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायानं. हो ची मिन्ह सिटीत एप्रिल-मेमध्ये हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा आणि पाणी गार होतंय का बघा, तसंच. त्यामुळे तिथले 34 अंश आपल्या 40 पेक्षा जड जातात. शिवाय सावलीत गेलं की सुटलो, हा नाशिकचा हिशोबही तिथे चालत नाही, कारण सावलीतली हवाही तेवढीच ओली असते.

म्हणून पायी फिरणं सकाळी 6 ते 10 मध्ये उरका आणि 11 ते 3 संग्रहालय किंवा खोलीत काढा. पहिले तीन-चार दिवस कार्यक्रम निम्माच ठेवा. अंगाला ती हवा मानवायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि तोवर बहुतेकांची सहल संपलेली असते.

नुसतं पाणी पीत राहू नका, घामाबरोबर मीठही जातं. जलसंजीवनीची पुडी इथूनच न्या. 20-21 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ती एका पेल्यात ओतून पिणं. द्रावण घट्ट झालं की ते उलट आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती घ्यायचं ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. दमट हवेत अंग घामानं निथळत असतानाही उष्माघात होतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला की अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट रुग्णालय गाठा.

कपडे कोणते न्यावेत? जीन्स आणि सुती टीशर्ट पुरतील ना? (इंदिरानगर)

जीन्स विमानात घाला आणि तिथे पोचल्यावर बॅगेत टाका. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या शिवणींनी जांघेत घासून नायटा होतो. जाड सुती टीशर्टचंही तेच. मलमलीसारखं पातळ सुती किंवा खेळाचे पातळ, चटकन वाळणारे कपडे घ्या. तीन जोड पुरतात, कारण रोज रात्री एक धुवायचा.

वाळवायचं कसं, तर धुतलेला कपडा हॉटेलच्या कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची आणि तीच पिळायची. निम्मं पाणी टॉवेल शोषतो. मग एसी ‘ड्राय’वर लावून त्याच्या वाऱ्यात टांगा, पातळ कपडा सकाळपर्यंत वाळतो. बाल्कनीत टाकू नका, तिथे रात्रभरात दव घेऊन आणखी ओला होईल. चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, त्या घरीच ठेवा.

एसी खोलीतून बाहेर पडलं की मोबाइलचा कॅमेरा धुरकट होतो असं ऐकलं. बिघाड आहे का? (पंचवटी)

बिघाड नाही. थंड काचेवर बाहेरची ओली हवा पाणी सोडते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसा. मोबाइलचं पाच-दहा मिनिटांत सुटतं. मोठ्या कॅमेऱ्याचं मात्र सांभाळा. बाहेर पडण्याआधी अर्धा तास तो झिपच्या पिशवीत हवाबंद करून एसी नसलेल्या जागी ठेवा. पाणी पिशवीवर बाहेरून जमतं, काचेवर नाही. घाईनं काच पुसत बसलात तर ती पुन्हा धुरकटते, आणि दरम्यान लेन्स बदलली तर ओल थेट आत जाते.

आम्ही शुद्ध शाकाहारी. ‘नो मीट’ सांगितलं की भागेल का? जैन कुटुंबाचं काय? (गंगापूर रोड)

नाही भागणार. फ नावाचं नूडल्सचं सार असतं. त्याचं पाणी हाडं तासन्‌तास उकळून केलेलं असतं. ‘मांस नको’ म्हणालात की वरचे तुकडे काढून तेच पाणी तुम्हाला वाढतील, आणि त्यात त्यांची लबाडी नसते. नुओक माम, म्हणजे माशाचा खारट अर्क, तिथले लोक आपण मीठ वापरतो तसा वापरतात. नाळीची भाजी लसणावर परतलेली दिसली की आपल्याला हायसं वाटतं, पण तिच्यातही बहुतेक वेळा तो किंवा ऑयस्टर (कालवांचा) सॉस असतो.

‘चाय’ हा शब्द पाठ करा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. उच्चार जरा आखूड करायचा. चहाशी त्याचा काही संबंध नाही. ‘क्वान चाय’ अशी पाटी दिसली की निर्धास्त आत शिरा. अशी दुकानं जवळपास प्रत्येक शहरात असतात, पुष्कळदा बौद्ध मंदिराच्या आसपास. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, बरेच लोक चाय जेवतात; त्या दिवशी बाजारातल्या गाड्यांवरही ते जास्त मिळतं. आपली दिनदर्शिका बघून जा, उपयोग होईल.

आत गेल्यावर ताटात कोंबडीचा तुकडा, कोळंबी, मासा दिसेल. दचकू नका. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून ते केलेलं असतं, अगदी कातडीच्या सुरकुत्यांसकट. बघून जेवण जाणार नसेल तर टोफू-भात मागवा.

बोलून सांगण्यापेक्षा लिहून दाखवा. त्या भाषेत सहा सूर आहेत. ‘मा’ म्हणजे एका सुरात भूत, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात भाताचं रोप. हॉटेलच्या काउंटरवर एकदाच व्हिएतनामी भाषेत लिहून घ्या : मांस, मासे, माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस, हाडांचं पाणी नको; अंडं चालतं की नाही तेही. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी अडणार नाही.

जैन वाचकांना एक दिलासा आहे. परंपरेनं चाय जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असतं. खाणावळीत सगळेच ते पाळत नाहीत, म्हणून विचारा. पण गाजर, मुळा, अरवी सर्रास असतात. कंदमुळं अजिबात चालत नसतील तर एक वेळचं जेवण तरी स्वतःचं धरावं लागेल.

लाखांच्या नोटांचा गोंधळ कसा टाळायचा? (नाशिक रोड)

शेवटची तीन शून्यं पुसा, तिप्पट करा, वर थोडं धरा. 50,000 डाँग म्हणजे 50, त्याचे दीडशे, धरा 170 रुपये. हा सध्याचा अंदाज. निघताना दर बघून घ्या. विक्रेते हजार शब्द गाळतात, ‘50’ म्हणाले तर 50 हजार समजा.

खरा धोका निळ्या नोटांचा. 20,000 ची निळी आणि 500,000 चीही निळीच. दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा, आणि रात्री टॅक्सीच्या दिव्यात दोन्ही सारख्याच दिसतात. चूक झाली तर सत्तर रुपयांच्या जागी सतराशे जातात. पाच लाखांची नोट सुमारे दीड सेंटीमीटरनं लांब असते, आणि वीस हजारांच्या नोटेमागे होई आन या गावातला छप्पर असलेला जुना पूल आहे. पण उभ्या उभ्या कोण मोजतंय? पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या खिशात ठेवा. देताना रक्कम मोठ्यानं म्हणा आणि एकेक नोट हातावर ठेवा. पाकीट उघडून ‘तूच घे’ असं करू नका.

रुपये सगळीकडे बदलून मिळत नाहीत. डॉलर न्या, 100 च्या नोटा, न दुमडलेल्या, शिक्का-शाई नसलेल्या. एटीएमनं ‘रुपयांत आकारू का?’ विचारलं तर नाही म्हणा आणि डाँगच निवडा. रुपयांतला दर यंत्रवाल्याचा असतो आणि तो महाग पडतो.

दिवाळीच्या सुट्टीत जायचंय. पाऊस असेल का? (जेल रोड)

कुठे जाता त्यावर आहे. देश उत्तर-दक्षिण लांबट, त्यामुळे एकाच आठवड्यात तीन ऋतू सापडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उत्तरेतल्या हनोई आणि निन्ह बिन्हची हवा वर्षातली सगळ्यात छान. दक्षिणेत पाऊस नोव्हेंबरमध्ये ओसरत आलेला, दुपारी तासभर कोसळून थांबणारा. पण मधला पट्टा, हुए, दा नांग, होई आन, नेमका तेव्हाच भिजतो. ईशान्येचा वारा समुद्रावरून ओल उचलतो आणि ट्रुओंग सोन डोंगररांगेला धडकतो. इगतपुरी चिंब आणि सिन्नर कोरडं का, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. इथे वारा नैर्ऋत्येचा, तिथे ईशान्येचा, एवढाच फरक. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत त्या दिवसांत पुराचं पाणी शिरतं आणि लोक होडीतून ये-जा करतात.

तेव्हा दिवाळीत उत्तर अधिक दक्षिण करा, मधला भाग फेब्रुवारी ते मे साठी ठेवा. एजंट तिन्ही एकत्र विकेल, कारण पॅकेज तसंच छापलेलं असतं. ‘हा लाँग’ची बोट मात्र वादळाच्या इशाऱ्यात बंदर बंद झालं की रद्द होते. म्हणून बोटीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी परतीचं विमान ठेवू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो, उष्ण कटिबंध असला तरी.

हनोईत रस्ता ओलांडायचा कसा? व्हिडिओ बघूनच धडकी भरली. (द्वारका)

द्वारका चौक रोज ओलांडता ना? मग जमेल, फक्त सवय उलटी करावी लागेल. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे पहिला धोका डावीकडून येतो. आधी डावीकडे बघा.

मग हळू, एकाच वेगानं चालत राहा. दुचाकीवाला तुमचा वेग बघून तुमच्या पुढून की मागून जायचं ते ठरवतो. तुम्ही अचानक थांबलात, धावलात किंवा मागे फिरलात की त्याचा अंदाज चुकतो, आणि धडक होते ती इथेच. आपल्याकडे चालतं ते ‘पळा रे’ तिथे अजिबात नको. मुलांचा हात धरा, पण पाच जणांची साखळी करू नका, दोघा-दोघांनी जा. हे सगळं दुचाकींपुरतं. मोटार आणि बस वळसा घालत नाहीत, त्या गेल्याशिवाय पाऊल टाकू नका. आजी-आजोबा बरोबर असतील तर सिग्नलपर्यंत चालत जा, नाहीतर ॲपवरून टॅक्सी बोलवा.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला तर स्कूटर भाड्यानं घेता येईल? (सातपूर)

दुकानदार देईल, परवाना बघणारही नाही. पण भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळतो आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातला परवाना मानतं. म्हणजे पोलिसांच्या आणि विमा कंपनीच्या लेखी तुम्ही विनापरवाना. अपघात झाला की प्रवासविमा हात वर करतो, आणि तिथल्या रुग्णालयाचं बिल तुमच्या गळ्यात. ग्रॅब या टॅक्सी-ॲपवरून चालकासह बाइक बोलवा, मागे बसा, हेल्मेट तोच देतो.

ई-व्हिसा स्वतः भरावा की एजंटकडून? (देवळाली कॅम्प)

स्वतः भरता येतो. एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक वेळा प्रवेशाचा 50. मुदत 90 दिवसांपर्यंत. पैसे परत मिळत नाहीत. संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’नं संपत असेल तरच सरकारी समजा, हुबेहूब दिसणारी खासगी पानं जास्त पैसे घेतात. चुका ठरलेल्या : पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी ओ, दिवस आणि महिन्याची अदलाबदल. एका अक्षराची चूकही मुंबईच्या काउंटरवर अडवते. मधे अंकोरवाट बघायला कंबोडियात जाऊन परत येणार असाल तर अनेक प्रवेशाचाच घ्या. 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी त्यांचं नववर्ष, तेत, येतं. त्या आठवड्यात कचेऱ्या आणि बरीच दुकानं बंद असतात.

फुटकळ : टॉयलेटमध्ये जेट असतो का? चार्जर चालतो का? चिवडा-लोणचं नेता येईल? (कॉलेज रोड)

जेट बहुतेक सगळीकडे असतो, निश्चिंत राहा. वीज 220 व्होल्टच. मोबाइलची बारीक दोन पिनांची गुल्ली बसते, लॅपटॉपची जाड तीन पिनांची नाही, तिला ॲडॉप्टर लागेल. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॅट-तास, विमानातल्या 100 च्या मर्यादेत बसते.

चिवडा न्या, पण किलोची एकच पिशवी नको. तिथे पिशवी फोडल्यावर दोन तासांत पोहे मऊ पडतात. घरीच 100-100 ग्रॅमच्या पुड्या सील करून घ्या, म्हणजे एक फोडली की एका बैठकीत संपते. दशम्या-थेपल्यांचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फडशा पाडा, त्यानंतर वास घेऊनही खाऊ नका. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत. हातातल्या बॅगेत ते पातळ पदार्थ धरून काढून घेतात. ताजी द्राक्षं मात्र कितीही मोह झाला तरी नेऊ नका.