दीपनगरच्या जुन्या संचाऐवजी सोलर?

प्रश्न : आमचं केळीचं वावर यावल तालुक्यात आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातला २१० मेगावॉटचा कोळशावरचा जुना संच बंद केला, तर तेवढ्याच मेगावॉटचा सोलर बसवला की झालं ना? मग कम्प्युटरवर मॉडेल कशाला करत बसायचं?
– एक वाचक भगिनी, यावल

उत्तर : ताई, तो संच ८० टक्के क्षमतेने चालला तर दिवसाला ४० लाख युनिट देतो. सोलरचा एक मेगावॉट वर्षाची सरासरी धरून चार-साडेचार हजार. म्हणजे नुसत्या युनिटांची बरोबरी करायलाच ९०० ते १००० मेगावॉट सोलर लागेल. तरी रात्रीचं काय, ते राहिलंच.

मॉडेल लागतं ते त्यासाठी. ग्रिडचं, म्हणजे सगळी वीज केंद्रं आणि गावं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचं, वेळापत्रक १५-१५ मिनिटांचं, दिवसाचे ९६ टप्पे. वर्षभरातल्या अशा प्रत्येक टप्प्याची मागणी, ऊन, वारा, लाइनची क्षमता घालून कुठे वीज कमी पडते ते बघायचं. माझी नोकरी लोडचे, म्हणजे विजेच्या मागणीचे, आकडे बघण्यात गेली. माझं ऐकाल तर सरासरीवर जाऊ नका, ऑक्टोबरची एक संध्याकाळ काढून बघा. साक्रीकडच्या पवनचक्क्या आषाढ-श्रावणात जोरात फिरतात, पाऊस सरला की वारा पडतो. उकाडा मात्र असतोच. साडेसहाला सोलर शून्यावर आणि घराघरांत दिवे, पंखे, कूलर सुरू. ते तीन-चार तास कोण निभावणार? बॅटरी, की घाटघरसारखा पाणी वर चढवून ठेवणारा प्रकल्प, की दुसऱ्या संचाचा कोळसा? प्रत्येकाचा खर्च वेगळा.

शिवाय संचाचा रोटर, म्हणजे आतला जड फिरता भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो. दुसरीकडे एखादा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर हे फिरतं वजन पहिले काही सेकंद ग्रिडची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनांची लय) एकदम पडू देत नाही. सोलरच्या इन्व्हर्टरमागे असं वजन नसतं. त्या काही सेकंदांचं मॉडेल निराळं करावं लागतं.

आणि एक पर्याय त्यात हमखास तपासला पाहिजे : तुमचा पंप. बॅटरी ही त्यानंतरची गोष्ट. रात्री केळीला पाणी देणारे पंप सौर कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीसाठीच्या सोलरच्या लाइनवर, दिवसा चालले, तर रात्रीची तेवढी मागणीच उरत नाही आणि तुमच्या घरच्यांचं अंधारात वावरात जाणंही थांबतं. वीज नियामक आयोगाची जनसुनावणी लागली की जरूर जा आणि विचारा : या हिशेबात शेतीपंप रात्री धरलेत की दिवसा?